लाड, बुद्रुक आणि ग्रेट

महाराष्ट्रात कारंजा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कोणतं? उरणजवळ खाडीच्या तोंडाशी एक आहे, कोळ्यांचं. त्याला करंजा म्हणतात, पण कागदोपत्री दोन्ही रूपं दिसतात. वर्धा जिल्ह्यात एक आहे, ते कारंजा घाडगे. आणि वाशीम जिल्ह्यात एक, कारंजा लाड. तिन्ही गावांच्या मुळाशी बहुधा करंजाचं झाड असावं. वऱ्हाडातल्या कारंज्याची स्थलकथा मात्र करंज ऋषींचं नाव सांगते आणि गावातला ऋषी तलाव त्याच्या पुराव्यादाखल दाखवते. एका झाडाची गावं अनेक झाली, की नावापाठोपाठ विशेषण लावावं लागतं. डाकेत चिठ्ठी टाकणाऱ्याला, गाडीचं तिकीट काढणाऱ्याला आणि मुलीचं स्थळ बघणाऱ्याला त्यावाचून पर्याय नसतो.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला ‘कारंजा लाड’ पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते. कारंजं म्हणजे उडतं पाणी आणि लाड म्हणजे कौतुक. हे गाव आहे की बागेतला कोपरा? दत्तभक्तांसाठी हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे, त्यामुळे त्यांना ‘लाड’ हा शब्द आणखीच गोड लागतो. पण या लाडाचा लाडू-कौतुकाशी काहीही संबंध नाही. तो एका देशाचा उरलेला तुकडा आहे.

तो देश म्हणजे लाट. आजच्या दक्षिण गुजरातचा, साधारणपणे भडोच, सुरत, नवसारीच्या बाजूचा पट्टा. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘लारिके’ असं ज्याचं नाव टिपलं तो हाच. ‘लाट’चं ‘लाड’ होण्यात नवल नाही. दोन स्वरांमध्ये अडकलेला ‘ट’ प्राकृतात मऊ होऊन ‘ड’ होतो, आणि हा नियम आपल्या घरादारात रोज वावरतो: वटाचा वड झाला, घोटकाचा घोडा झाला, कपाटाचं कवाड झालं. तसंच लाटाचं लाड. कौतुकाचा ‘लाड’ निराळ्या वाटेने आला. तो संस्कृतातल्या लाडणे, लालन करणे या धातूकडून. दोन शब्द वेगवेगळ्या गावांहून निघून एकाच उच्चाराला येऊन मिळाले. भाषेत असे योगायोग पुष्कळ घडतात आणि प्रत्येक वेळी लोक त्यांना नातं चिकटवतात.

लाट देशाची माणसं घरी बसणारी नव्हती. याचा सगळ्यात सुंदर पुरावा मध्य प्रदेशातल्या मंदसोरच्या शिलालेखात आहे. लाट देशातून रेशमी वस्त्रं विणणाऱ्यांची एक श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, दशपुराला, म्हणजे आजच्या मंदसोरलाच, येऊन राहिली आणि तिने तिथे सूर्याचं मंदिर बांधलं. काळ इसवी सन ४३७च्या सुमाराचा. ४७३ साली त्याच श्रेणीने मंदिर दुरुस्त केलं आणि हा लेख कोरवला. लेख लिहिणारा कवी वत्सभट्टी सांगतो की या विणकरांपैकी सगळेच विणकर राहिले नाहीत. कुणी धनुर्विद्येत शिरलं, कुणी ज्योतिषात. मला या लेखाचं आकर्षण वाटतं ते यासाठी की त्यात राजापेक्षा कारागीर जास्त बोलतात. स्थलांतर केलेल्या लोकांनी मूळ देशाचं नाव छातीशी धरून ठेवायचं आणि धंदा मात्र बदलायचा, ही पद्धत तेव्हाही होती.

पुढे ७७९ साली जालोरला उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पुरी केली. तिच्यात बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांची एक रांग आहे. प्रत्येकाचा रंग, स्वभाव आणि तोंडचे दोन-चार शब्द सांगितलेले. मराठी भाषेच्या इतिहासात या ग्रंथाचं नाव येतं ते त्या रांगेतल्या मरहट्टांमुळे. पण त्याच रांगेत लाडही उभे आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही. ‘लाट’ तोपर्यंत ‘लाड’ झालेला आहे. दहाव्या शतकात चौलला येऊन गेलेला अरब प्रवासी अल-मसूदी तर आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या चौल, सोपारा, ठाणे या बंदरांत चालणाऱ्या भाषेला ‘लारी’ म्हणतो आणि समुद्रालाही तेच नाव देतो. संस्कृत काव्यशास्त्रानेही या लोकांची दखल घेतली. तोच शब्द त्याच अर्थाने पुन्हा आणायचा, फक्त रोख बदलायचा, या अलंकाराला लाटानुप्रास म्हणतात. लाट देशच्या रसिकांना तो फार आवडे, असं टीकाकार सांगतात.

आणि मराठीच्या अगदी उंबऱ्यावर एक लाड उभा आहे. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामी भडोचच्या प्रधानाचे पुत्र, लाड सामवेदी ब्राह्मण. त्यांच्या लीळा मराठीतल्या पहिल्या गद्यग्रंथात नोंदल्या गेल्या, तेही वऱ्हाडातल्या रिद्धपूरच्या परिसरात. तिथून कारंजा काही फार लांब नाही.

कारंज्याला हे विशेषण मिळालं ते लाड व्यापाऱ्यांमुळे. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात लाड ही वाण्यांची पोटजात दक्षिण गुजरातेतून आलेली आणि मुख्यतः वऱ्हाडात राहणारी म्हणून नोंदलेली आहे, आणि नावाची व्युत्पत्ती लाट देशाकडेच नेलेली आहे. खानदेशात लाडशाखीय वाणी समाज आजही याच नावाने ओळखला जातो. लाड सोनारही आहेत. मराठवाड्यात लाडसावंगी नावाचं गाव आहे. तिथे विशेषण मागे लागण्याऐवजी पुढे बसलं आहे.

याच हिरालालांनी १९२६ साली मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, आणि तिच्यात कारंज्याच्या जैन भांडारांचा मोठा वाटा आहे. कारंजा हे दिगंबर भट्टारकांच्या पीठांचं गाव. पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या कापडात गुंडाळून जपलेल्या. त्या सूचीमुळे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ विद्वानांच्या नजरेत आले आणि कारंज्याहूनच एक जैन ग्रंथमाला निघाली. पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ तिच्यात १९३३ साली छापलं गेलं. त्याचे संपादक हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक. रायबहादुर हिरालाल वेगळे आणि हे वेगळे. ग्रंथपालांची इथे हमखास फसगत होते. गंमत अशी की ‘ट’चा ‘ड’ कसा होतो हे ज्याला पाहायचं असेल त्याला याच पोथ्या उघडाव्या लागतात. म्हणजे गावाच्या विशेषणाची गुरुकिल्ली गावातच कापडात बांधून ठेवलेली होती.

लाडांचं कारंजा श्रीमंत होतं, याबद्दल वाद नाही. कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा इथे कुणीही सांगतो: उंटांवरून कस्तुरी विकायला आलेल्या व्यापाऱ्याचा सगळा माल इथल्या सावकाराने एकरकमी घेतला आणि हवेलीच्या चुन्यात कालवून टाकला. ती दंतकथाच. पण १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर काही आठवड्यांतच शिवाजी महाराजांची फौज कारंज्यावर चालून आली, हा इतिहास आहे. जदुनाथ सरकारांच्या वर्णनानुसार एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेला गेला. गावातले धनिक पकडले गेले. सगळ्यात बडा सावकार तेवढा बाईच्या वेषात निसटला. स्त्रियांच्या वाटेला ही फौज जात नाही, हे त्याला ठाऊक होतं.

हे गाव काही काळ दुसऱ्या विशेषणानेही ओळखलं जाई: कारंजा बीबी. अहमदनगरच्या एका शाहजादीला ते आंदण मिळालं म्हणून, असं सांगतात. बीबी गेली, लाड राहिलं. सत्तेने दिलेली विशेषणं सत्तेबरोबर जातात असं मात्र समजू नये. तळेगाव दाभाडे आहे, तळेगाव ढमढेरे आहे, आणि दाभाड्यांचं सेनापतीपद संपून अडीचशे वर्षं उलटली तरी पाटी कायम आहे. इंग्लंडातली मेल्टन मोब्रे, स्टोक मँडेव्हिल ही नावं अगदी याच घडणीची: गाव इंग्रजांचं, मागचं आडनाव नॉर्मन जमीनदाराचं.

वऱ्हाडात अशा शेपट्यांची खाण आहे. कारंज्याच्या शेजारचा तालुका मंगरूळपीर, दर्ग्यामुळे; अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर. देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. या शेवटच्या जोडीवर माझा विशेष जीव आहे. आगगाडी आली, स्टेशन झालं, आणि लोकांनी इंग्रजी शब्द उचलून गावाच्या मागे जोडून टाकला, जणू दाभाडे किंवा पीर. धामणगावचंही तेच झालं. ‘रेल्वे’ हे मराठीत गावाचं विशेषण आहे, हे एखाद्या इंग्रजाला पटवून बघावं.

ती रेल्वे ज्या कंपनीची होती तिच्या नावातही एक विशेषण होतं, आणि ते इंग्रजीतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या विशेषणांपैकी एक: ग्रेट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १८४९ साली स्थापन झालेली, १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सोडणारी. आपल्या आजोबा-पणजोबांनी तिला जीआयपी केलं आणि त्या ‘जी’मध्ये काय आहे याची कुणी चौकशी केली नाही. कारंज्याला ही ‘ग्रेट’ पोचली ती बारीक होऊन. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंतचा ११३ किलोमीटरचा फाटा कापसासाठी टाकलेला, रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे, मालकी किलिक निक्सनच्या हातातल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस कंपनीची आणि गाड्या चालवायला जीआयपी. लोकांनी तिचं नाव शकुंतला ठेवलं. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४पर्यंत ओढत होतं. ताशी वीस किलोमीटर म्हणजे तिच्या मानाने घाई. आता ती बंद आहे.

मग तिला ग्रेट म्हणायचं ते कोणत्या तोंडाने? आज इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘ग्रेट’चा अर्थ विचारला तर तो ‘महान’ सांगेल, फार तर ‘मस्त’. कंपनीला तसलं काही म्हणायचं नव्हतं. १८३०-४०च्या दशकांत इंग्लंडात ग्रेट वेस्टर्न, ग्रेट नॉर्दर्न अशा कंपन्या निघत होत्या. ग्रेट म्हणजे लांब पल्ल्याची, मोठी लाईन. एवढंच.

शब्दाचं मूळ तर त्याहून गद्य आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जाड, भरड, ढोबळ. जर्मनमधला ‘ग्रोस’ आणि डचमधला ‘ग्रूट’ हे त्याचे सख्खे भाऊ. आकाराने मोठं असं म्हणायला जुन्या इंग्रजीत ‘मिकेल’ नावाचा वेगळा शब्द होता, आजच्या ‘मच’चा पूर्वज. हळूहळू जाड्याभरड्याने त्याची जागा बळकावली. गर्भवतीला, राजाला, डोंगराला, कोटाला सगळ्यांना ग्रेट लागू लागलं. ‘उत्तम, झकास’ हा अर्थ बोलीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात, म्हणजे जीआयपीच्याच वयाचा. पहिल्या महायुद्धाला इंग्रज ‘ग्रेट वॉर’ म्हणत, तेव्हा त्यात कौतुक नव्हतं.

नावांच्या बाबतीत ग्रेट हे कायम दोघांतला फरक सांगणारं विशेषण राहिलं आहे. ग्रेट ब्रिटनचंच घ्या. आपल्याकडे शाळेत पिढ्यान्‌पिढ्या असं समजलं गेलं की साम्राज्याच्या गुर्मीत त्यांनी स्वतःला थोर म्हणवून घेतलं. खरं तर खाडीच्या पलीकडे, फ्रान्सच्या किनाऱ्यावर आणखी एक ब्रिटन आहे, ब्रिटनहून आलेल्या लोकांनी वसवलेलं, ज्याला आज ब्रिटनी म्हणतात. बाराव्या शतकातल्या लॅटिन लेखनात एकाला थोरलं आणि दुसऱ्याला धाकटं ब्रिटन म्हटलेलं आहे. १६०४ साली पहिल्या जेम्सने ‘ग्रेट ब्रिटनचा राजा’ हा किताब घेतला आणि १७०७च्या एकीकरणानंतर ‘ग्रेट ब्रिटन’ हे देशाचं अधिकृत नाव झालं. सरळ मराठीत सांगायचं तर ब्रिटन बुद्रुक. इंग्लंडच्या बकिंगहॅमशरमध्ये ग्रेट मिसेंडन आणि लिटल मिसेंडन अशी जोडगावं आहेत, आणि पुण्यात कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द.

येशूच्या बारा शिष्यांत याकोब दोन. इंग्रजीत त्यातल्या एकाला ‘जेम्स द ग्रेट’ म्हणतात, आणि दुसऱ्याला ‘द लेस’. दुसरा काही कमी प्रतीचा संत नव्हे. मराठी बायबलने हे बरोबर ओळखलं. तिथे तो ‘धाकटा’ आहे. पक्ष्यांचंही तसंच. माळढोकाला इंग्रजीत ‘ग्रेट इंडियन बस्टर्ड’ म्हणतात ते आकारावरून, आणि त्याच कुळातल्या, वाशीम-अकोल्याच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात उड्या मारणाऱ्या तणमोराला ‘लेसर फ्लोरिकन’.

आता इथे थांबून आपलं घर पाहायला हवं. संस्कृतात ‘स्थूर’ किंवा ‘स्थूल’ म्हणजे जाड. प्राकृतात त्याचं ‘थोर’ झालं, अर्थ तोच, जाड. मराठीत आल्यावर त्याला दोन वाटा फुटल्या. एक ‘थोरला’, म्हणजे वयाने मोठा. दुसरी ‘थोर’, म्हणजे महान. जाड, मग मोठा, मग वडील, मग वंदनीय. जर्मॅनिक शब्द जी वाट चालला तीच वाट आपल्या शब्दाने दोन-चार हजार मैलांवर, त्याच्याशी काहीही बोलणं न होता, पुन्हा चालून दाखवली.

फारसीनेही तेच केलं. ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा. महसुली कागदांत तो गावाच्या मागे लागला आणि मराठी जिभेवर ‘बुद्रुक’ झाला. तलाठ्याच्या दप्तरात तर नुसता ‘बु.’ उरला. घरात मात्र तोच शब्द ‘बुजुर्ग’ म्हणून दुसऱ्यांदा आला, वयाने आणि मानाने मोठ्या माणसासाठी. आंबेगाव बुद्रुकच्या पाटीकडे बघून कुणाला गावातले बुजुर्ग आठवत नाहीत, इतकी या जुळ्यांची ताटातूट झाली आहे. ‘खुर्द’ला असं भाग्य लाभलं नाही. लहान तो लहानच राहिला, मग गावठाण बुद्रुकाच्या दुप्पट का वाढेना.

पेशव्यांच्या बखरी वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. ‘थोरले बाजीराव’ म्हणताना आपल्या मनात पालखेड आणि दिल्लीची धडक असते, आणि ‘थोर’ हा अर्थ आपोआप जोडला जातो. पण ते थोरले झाले ते दुसरा बाजीराव आला म्हणून. पहिल्याच्या हयातीत त्यांना थोरले म्हणायचं कारणच नव्हतं. थोरले माधवराव १७७२ साली वारले आणि १७७४ साली जन्मलेल्या दुसऱ्या माधवरावामुळे थोरले ठरले. त्या दुसऱ्याला मग ‘सवाई’ लावलं गेलं. सवाई म्हणजे सव्वापट. निव्वळ मापाचा शब्द, धान्याच्या पायलीला आणि व्याजाच्या दराला लागणारा, पण राजाच्या नावापुढे बसला की किताब. हिशेबाने पाहिलं तर धाकटा माधवराव थोरल्यापेक्षा पाव हिश्शाने जास्तच भरतो.

इंग्रजीने ग्रेटचं आणखी एक काम करून घेतलं, जे मराठीला जमलं नाही, किंवा गरज वाटली नाही. आजोबाच्या मागची पिढी सांगायला ते ग्रेट जोडतात, त्याच्याही मागे आणखी एक ग्रेट, मग आणखी एक. आपण पणजोबा, खापरपणजोबा म्हणतो आणि थांबतो. त्यांच्या ग्रेटला मर्यादा नाही. पूर्वज जितका जुना तितकी माळ लांब, मग तो पूर्वज मेंढ्या चोरणारा का असेना.

मराठीने इंग्रजीकडून ‘ग्रेट’ उसनं घेतलं ते मात्र सगळ्या जुन्या अर्थांची कात टाकलेलं. पोत्याला किंवा डोंगराला आपण ग्रेट म्हणत नाही. मोठ्या भावाला तर नाहीच. लताबाईंना म्हणतो, सचिनला म्हणतो, आणि सकाळी गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवून दिवसभर शोधणाऱ्या नवऱ्याला म्हणतो, ‘तू पण ग्रेटच आहेस.’ या शेवटच्या वापरात जाडाभरडा अर्थ पुन्हा डोकं वर काढतो की काय, अशी मला शंका येते.

कारंज्याच्या विशेषणाला असली बढती कधी मिळाली नाही. ते आकाराचं नव्हतं, माणसांचं होतं, आणि ज्या देशाची ती माणसं त्या देशाचं नाव नकाशावरून शतकांपूर्वी पुसलं गेलं. भडोच-सुरतेचे लोक आज स्वतःला लाट म्हणवत नाहीत. ते नाव टिकलं आहे ते अलंकारशास्त्राच्या पुस्तकात, काही कुळांच्या ओळखीत आणि मूर्तिजापूरहून यवतमाळच्या वाटेवरच्या एका तालुक्याच्या पाटीवर, तेही बऱ्याचदा कंसात घातलेलं. रोमन लिपीत ती पाटी वाचणाऱ्या एखाद्या इंग्रजाला त्यात ‘पोरगा’ दिसत असेल. त्याच्या भाषेत ‘लॅड’चा तोच अर्थ आहे.